रस्त्यावरच्या देहविक्रयाची तक्रार: छापा, नोटीस की जागेची दुरुस्ती?

मोहल्ला समितीकडे येणारा अर्ज बहुतेक वेळा एका वाक्याचा असतो: ‘रात्री नऊनंतर रस्त्यावर बायका उभ्या राहतात, तरी योग्य तो बंदोबस्त करावा.’ त्रास कोणाला, कशाचा आणि नेमका किती वाजता, यातलं काहीच त्यात नसतं. मग पोलीस ठाण्याला जे लगेच करता येतं ते ठाणं करतं. गाडी जाते, तिघीचौघींना ठाण्यात बसवलं जातं, सकाळी सोडलं जातं. पंधरवड्याने तोच अर्ज, त्याच सह्या.

२०२७ च्या सिंहस्थाआधी नाशकात असे अर्ज वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बसस्थानकाजवळची गल्ली असो, उड्डाणपुलाखालचा पट्टा असो की ट्रक थांबतात तो सर्व्हिस रोड, समितीपुढे आणि ठाण्याच्या प्रमुखापुढे साधारण तीन वाटा येतात: छापे घालत राहणे, कायद्याची नोटीस देऊन जागा खाली करवणे, किंवा ती जागाच या धंद्याला गैरसोयीची करणे. तिन्हींचा खर्च, वेग आणि मार कोणाला बसतो हे वेगवेगळं आहे. आमचं झुकतं माप तिसऱ्या वाटेला आहे. पहिली वाट मोजक्याच प्रसंगांसाठी राखून ठेवावी, असं आमचं मत आहे.

पण निवड करण्याआधी तक्रार फोडावी लागते. पोलिसांनी घटनेमागे धावण्याऐवजी पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या प्रश्नाच्या मुळाशी जावं, ही मांडणी हर्मन गोल्डस्टीन यांनी अमेरिकेत १९७९ मध्ये केली. १९८७ मध्ये तिथल्याच न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या कामावरून जॉन एक आणि विल्यम स्पेलमन या संशोधकांनी तिचे चार टप्पे पाडले: हेरणे, विश्लेषण, उपाय, मूल्यमापन. आपल्याकडे पहिला आणि तिसरा टप्पा होतो. दुसऱ्या आणि चौथ्याला वेळ मिळत नाही.

विश्लेषण म्हणजे काही मोठं संशोधन नव्हे. चौदा रात्री, तीन वेळा: साडेआठ, साडेदहा, साडेबारा. बीट अंमलदाराने (त्या भागाची गस्त ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाने) प्रत्येक वेळी दहा मिनिटं उभं राहून पाच गोष्टी टिपायच्या. किती बायका उभ्या आहेत (संख्या फक्त, नावं नाहीत). किती वाहनं वेग कमी करून घुटमळतात आणि त्यातली किती दुसरी फेरी मारतात. दलाल किंवा रिक्षावाला मध्ये आहे का. दारूचं दुकान, चहाची टपरी, लॉज यांपैकी काय उघडं आहे. खांबावरचे कोणते दिवे बंद आहेत. याला ११२ वर आलेल्या कॉलची तासवार यादी जोडायची. एवढं केलं की अर्जातलं ते एक वाक्य फुटून चार-पाच वेगळ्या तक्रारी होतात. कामावरून घरी येणाऱ्या मुलींना गाडीवाले ‘चलते का’ विचारतात, ही एक तक्रार. शाळेच्या पायरीवर सकाळी निरोध पडलेले असतात, ही दुसरी. दारू प्यालेल्या गिऱ्हाइकांची भांडणं तिसरी. गिऱ्हाइकाला लुटलं जातं किंवा बाईला मारहाण होते, ही चौथी, आणि ती अर्जात जवळजवळ कधीच येत नाही. त्या जागी अल्पवयीन मुलगी असेल, तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कारवाई. तिथे तुलना करत बसायचं नाही.

आता छापा. त्याचा वेग वादातीत आहे: दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, समिती खूश. पण कायदा काय म्हणतो ते नीट पाहावं. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, पोलिसी बोलीत ‘पिटा’, देहविक्रयाला सरसकट गुन्हा ठरवत नाही. कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या कमाईवर जगणं (४), बाईला या धंद्यात आणणं (५), डांबून ठेवणं (६) हे गुन्हे आहेत. रस्त्यावर लागू होतात ती दोनच कलमं. कलम ७ म्हणजे सार्वजनिक जागेजवळ देहविक्रय, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. हे कलम गिऱ्हाइकालाही लागतं, आणि हे अनेकांना ठाऊकच नसतं. कलम ८ म्हणजे सार्वजनिक जागी खुणावणं, बोलावणं. त्यात पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने. कायद्याचा हा तिरपेपणा ज्याचा त्याने पाहावा.

छाप्याची कृती कडक आहे. या कायद्याखाली नेमलेला विशेष पोलीस अधिकारी निरीक्षक दर्जाच्या खाली चालत नाही. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि त्यात एक बाई हवी. सोबत दोन महिला पोलीस हव्यात. बोगस गिऱ्हाईक पाठवायचं असेल तर त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच्या पंचनाम्यात उतरवलेले हवेत. प्रकरण कोसळतं ते इथेच. दर छाप्याला तेच पंच, ठाण्याशेजारचा तोच पानवाला. कोर्टात बचाव पक्ष विचारतो, ‘तुम्ही आतापर्यंत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या?’ आणि खटला तिथेच लंगडा होतो. शिवाय हे सगळं लॉज किंवा खोलीसाठी जमतं. फुटपाथवर उभ्या असलेल्या बाईसाठी एवढा लवाजमा कोणी उभा करत नाही. मग तिच्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० आणि ११७ खाली गैरवर्तनाची केस होते आणि दंड भरून ती मोकळी होते.

त्या दंडाचं पुढे काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. दंड ५०० असेल, पण वकील, जामीनदार, रिक्षा आणि बुडालेली रात्र धरून बाईचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. तिच्या कनवटीला तेवढे पैसे नसतात. दलाल किंवा घरवाली (कुंटणखान्याची मालकीण) ते उसने देते. ती उधारी फेडायला बाई पुढचा महिना जास्त रात्री उभी राहते, आणि आधी नको म्हटलेलं गिऱ्हाईकही घेते. म्हणजे रस्त्यावरच्या रात्री छाप्याने वाढल्या आणि दलालाचा फास घट्ट झाला. छाप्यात गिऱ्हाईक सापडलंच तर त्याला बहुधा साक्षीदार करून सोडतात. मागणी जिथल्या तिथे राहते.

न्यायालयांनीही छाप्याभोवती कुंपण घातलंय. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या प्रकरणात प्रौढ स्त्रियांना त्यांच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं: या स्त्रियांशी सन्मानाने वागा, शिवीगाळ आणि मारहाण नको, निरोध जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नका, माध्यमांतून त्यांची ओळख उघड होऊ देऊ नका. (‘वेश्याव्यवसाय कायदेशीर झाला’ अशा बातम्या तेव्हा आल्या, त्या चुकीच्या होत्या. कलम ७ आणि ८ जसेच्या तसे आहेत.) ठाण्यासाठी याचा व्यवहारी अर्थ असा: पर्समधले निरोध पंचनाम्यात ‘जप्त मुद्देमाल’ म्हणून लिहू नका, आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या बायकांचा फोटो प्रेसनोटला जोडू नका.

दुसरी वाट नोटिशीची. धार्मिक स्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्या २०० मीटरच्या आतल्या जागेबाबत कलम १८ खाली दंडाधिकारी मालकाला सात दिवसांची कारणे दाखवा नोटीस देतात. कारण पटलं नाही तर जागा खाली करण्याचा आदेश निघतो आणि पुढचं एक वर्ष ती भाड्याने द्यायला त्यांची पूर्वपरवानगी लागते. अल्पवयीन सापडली असेल तर तीन वर्षं. कलम २० खाली खुद्द बाईलाच त्या हद्दीतून जायला सांगता येतं.

नाशकात अडचण २०० मीटरमध्येच आहे. काळाराम, कपालेश्वर, सुंदरनारायण, भद्रकाली, मध्ये कुठे शाळा, कुठे दवाखाना. प्रत्येकाभोवती वर्तुळ काढलं तर वर्तुळं एकमेकांत अडकतात आणि जुन्या नाशकात मोकळी जागा फारशी उरत नाही. कायदा सगळीकडेच लागू असला की कुठे लावायचा हे शेवटी माणूस ठरवतो. ज्याच्या जागेवर डोळा आहे त्याच्याविरुद्ध अर्ज येऊ लागतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना वस्ती सील केली. तिथे आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. एवढी मोठी कारवाई झेपणार नसेल तर तिची धमकीही देऊ नये. त्यातून बायका आडगावच्या बाजूला किंवा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला सरकल्या, तर आरोग्य कार्यकर्त्यांशी त्यांचा संपर्क तुटतो आणि अंधारात मारहाणीचा धोका वाढतो. कलम १८ मात्र एका लॉजसाठी धारदार आहे. रस्त्यावरचा सौदा एकाच लॉजच्या दाराशी पक्का होतो असं मोजणीत दिसलं, तर नोटीस तिथेच लावावी. मालकाला पोलिसांपेक्षा वर्षभर रिकाम्या खोल्यांची भीती जास्त वाटते.

कधी कधी बैठकीत कोणी म्हणतं, ‘मग एक जागा ठरवून द्या ना.’ नेदरलँड्समध्ये तसं केलं गेलं. ॲमस्टरडॅमने असा पट्टा आखला आणि २००३ मध्ये तो बंद केला. आपल्या कायद्यात असा परवाना देण्याचा अधिकार ना महापालिकेला आहे ना पोलीस आयुक्तांना. हा विषय तिथेच संपतो.

तिसरी वाट संथ आहे, पण टिकते ती हीच. रस्त्यावरच्या सौद्याला तीन गोष्टी लागतात: गाडी थांबवायला जागा, दुसरी फेरी मारायला सोपा वळसा, आणि कोणी ओळखणार नाही अशी खात्री. लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात १९८० च्या दशकात पोलिसी गस्तीबरोबर काही रस्त्यांची तोंडं बंद केली. गाड्यांना गोल फिरता येईना, तसा बाजार ओसरला. तो शेजारी जसाच्या तसा सरकलाही नाही. नाशकात याचं रूप साधं असेल. सर्व्हिस रोडच्या कडेला घुटमळण्याच्या जागी दगडी बोलार्ड (गाडी अडवणारे बुटके खांब) किंवा कुंड्या लावायच्या. एखादी गल्ली रात्री दहा ते पाच एकेरी करायची, त्यासाठी वाहतूक शाखेची अधिसूचना लागते. दिवसभर टाकून दिलेल्या हातगाड्या आणि बंद टेम्पो उचलायचे, कारण आडोसा त्यांचाच असतो.

दिव्याबद्दल एक गैरसमज आहे. ‘हायमास्ट लावा, सगळं बंद होईल’ असं नसतं. चौकाच्या मधोमध लावलेल्या हायमास्टने चौक उजळतो आणि कडेची सावली आणखी गडद होते. प्रकाश हवा तो गाडी थांबते तिथे आणि लॉजच्या दाराशी, म्हणजे चेहरा आणि नंबरप्लेट दिसेल असा. तो बाईच्याही कामाचा, कारण मारहाण करणारं गिऱ्हाईक पुन्हा आलं तर ती त्याला ओळखते. बंद दिव्यांची तक्रार मनपाच्या ई-कनेक्ट ॲपवर खांबाच्या नंबरसह टाकावी. नंबर नसेल तर तक्रार विद्युत विभागात फिरत राहते.

गिऱ्हाइकाकडे बघायचं राहून जातं. घुटमळणाऱ्या वाहनाला थांबवून कागदपत्रं तपासणं, दारूची चाचणी, नो-पार्किंगचं चलान: हे सगळं नेहमीच्या वाहतूक नियमांतच बसतं. चलानाचा निरोप गाडीमालकाच्या मोबाइलवर जातो आणि गाडी पुष्कळदा वडिलांच्या किंवा मालकाच्या नावावर असते. दोन शनिवार सलग केलं तरी फेऱ्या कमी होताना दिसतील. मात्र वचक टिकायला पुढे कधीमधी, वार न ठरवता करत राहावं लागतं. ठरलेल्या वाराची नाकाबंदी गिऱ्हाइकाला लगेच कळते.

उरला संवाद, ज्याला आपल्याकडे ‘पुनर्वसन’ या एका शब्दात गुंडाळतात. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्पांतल्या कार्यकर्त्या या बायकांना आधीपासून भेटत असतात. त्यांच्यामार्फत निरोप गेला तर पायरीवरचा कचरा थांबतो, शाळा सुटण्याची वेळ सोडून उभं राहणं ठरतं, आणि नवी अल्पवयीन मुलगी आणली गेली तर खबर मिळते. सांगलीत १९९० च्या दशकापासून या बायकांची स्वतःची संघटना उभी आहे, आणि अशा वेळी पोलिसांना बोलायला कोणीतरी असतं. अट एकच: ज्या कार्यकर्तीने विश्वास कमावला तिला खबऱ्या करू नका. एका छाप्यात तिचं नाव आलं की वर्षभराचं काम गेलं. आधार, रेशन, बँक खातं आणि मुलांचे शाळेचे दाखले यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला बैठकीला बोलवावं. शिलाई मशीन वाटण्याआधी हे करावं.

मग निवड कशी करायची? अल्पवयीन मुलगी, डांबून ठेवलेली बाई किंवा दलालांची टोळी दिसली तर छापा, तोही मानवी तस्करीविरोधी कक्षाला घेऊन. एकच लॉज केंद्र असेल तर कलम १८. बाकी, म्हणजे बहुतेक तक्रारींत, जागा आणि गिऱ्हाईक. मनपा, वाहतूक शाखा आणि ठाणं एका टेबलावर आणण्याचा त्रास त्यात आहे, म्हणूनच तो मार्ग टाळला जातो.

सहा आठवड्यांनी तेच तीन वेळांचे तक्ते पुन्हा भरायचे, पण या वेळी शेजारचे दोन रस्तेही धरायचे. आपल्या गल्लीतला आकडा घटला आणि शेजारचा वाढला असेल, तर पुढच्या बैठकीला त्या हद्दीचा बीट अंमलदार बोलवा आणि अर्जावर त्या गल्लीतल्या लोकांच्याही सह्या घ्या.