विदर्भाच्या उन्हात डिजिटल टेंपरेचर मीटर: दोन उन्हाळे वापरून

माझ्या गाडीचं हेड गॅसकेट (इंजिनचं हेड म्हणजे वरचं झाकण आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडालं तेव्हा डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध होता. वरोऱ्याच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली, मग तो हलला आणि थेट लाल पट्टीत गेला. हेड लेथवर प्लेन करणं, गॅसकेट, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि मजुरी धरून बावीस हजार गेले. इंजिनचं तापमान आकड्यांत दाखवणारा हा मीटर मी त्या बावीस हजारांच्या रागातूनच घेतला, त्यामुळे तो राग पुढे जागोजागी दिसेल.

गाडी जुनी आहे, सात सीटर, मेकॅनिकल पंपाची डिझेल. काट्याबद्दल एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम झोपवलेला असतो. कूलंट साधारण ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा एकाच जागी राहतो. काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून वर्कशॉपला येतं, म्हणून ही सोय. थंड मुलखात ती खपून जाते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि चंद्रपूरकरांना तर असे आकडे सांगायची गरजच नाही. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. कूलंट ९० वर आणि हवा २५ ची असेल तर फरक ६५ चा. हवा ४५ ची झाली की तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे नवतपात (मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांत) रेडिएटरची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गाडी चालू करण्याआधीच गेलेली असते. अशा ठिकाणी तीस अंशांचा पट्टा झाकून ठेवणारा काटा काय कामाचा?

गाडी परत घ्यायला गेलो तेव्हा वर्कशॉपमधला फोरमन म्हणाला, "भाऊ, काटा मधात राहिला पाहिजे ना? वायरमधी एक रेझिस्टर टाकून देतो, वर जायचाच नाही. तुम्ही कायले टेन्शन घेता?" आपल्याकडे गरम हवामानासाठी मीटरमध्ये बदल म्हणून सर्रास हेच केलं जातं, हे मला नंतर कळलं. सेन्सर जितका तापतो तितका त्याचा रोध कमी होतो. मध्ये रेझिस्टर घातला की एकूण रोध वाढतो आणि मीटरला वाटतं इंजिन थंड आहे. इंजिन तेवढंच तापलेलं राहतं, फक्त आपल्याला कळत नाही. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर खोटा करण्यासारखं आहे हे. सेकंडहँड गाडी घेताना सेन्सरच्या वायरवर टेप गुंडाळलेली दिसली तर ती टेप उलगडून आत बघाच.

मी घेतलेला मीटर बारा व्होल्टचा, लाल आकड्यांचा, बझरवाला. साडेअठराशे रुपये, सेन्सर आणि तो होसमध्ये बसवायचा ॲल्युमिनियमचा टी अडॅप्टर (जोडनळी) धरून. बसवण्याआधी सेन्सर पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात दोऱ्याने लटकवला, बुडाला टेकू न देता, आणि त्याच्या पितळी अंगाला वायर गुंडाळून ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेच्या वर मीटर उंच आहे, त्यामुळे पाणी ९९ ला उकळतं. मीटरवर ९८ आले. या किमतीत एवढी अचूकता मिळेल असं वाटलं नव्हतं.

पेटीतल्या कागदावर अडॅप्टर रेडिएटरच्या वरच्या होस पाइपमध्ये बसवा असं लिहिलं आहे. होस कापायचा, अडॅप्टर घालायचा, दोन क्लॅम्प आवळायचे. कागदात नसलेली गोष्ट अशी की अडॅप्टर दोन्हीकडून रबरात असतो, त्याला अर्थिंग मिळत नाही. एका वायरचा सेन्सर असेल तर अडॅप्टरपासून बॉडीला वेगळी अर्थिंगची वायर द्यावीच लागते, नाहीतर आकडे नाचतात.

पहिले काही आठवडे मी या मीटरला वैतागलो होतो. शहरात ९२, ९४, वर्ध्याकडे जाताना ९७, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एसी लावून चढताना १०२. एवढे दिवस काट्याने लपवलेलं सगळं समोर आलं आणि प्रत्येक आकड्याला छातीत धस्स व्हायचं. मग हिशोब समजला. रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं आणि ठणठणीत असेल तर आत साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, कूलंट असेल तर आणखी वर. तेव्हा घाटात १०२ म्हणजे संकट नव्हे. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली असेल तर मात्र सगळं गणित बिघडतं, म्हणून नवीन झाकण आधी घ्या, मीटर नंतर.

मत खऱ्या अर्थाने बदललं ते समृद्धी महामार्गावर. शंभरच्या वेगाने, सपाट रस्त्यावर, आकडा ९५, ९७, ९९ असा हळूहळू चढत १०१ वर गेला. टोलवर उभं राहिलो तर उतरून ९३. उभ्या गाडीत तापमान वाढलं तर संशय फॅनवर घ्यायचा. वेगात हवा भरपूर मिळत असतानाही वाढलं तर रेडिएटर आतून बंद होतोय. आमच्याकडे वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी भरलेलं, त्याचा क्षार नळ्यांत बसलेला. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून क्षार काढणं) करून घेतलं, बाहेरून एसीच्या कंडेन्सरवर कापसाची बोंडं अडकली होती तीही मागून पाणी मारून काढली. आता त्याच रस्त्यावर, त्याच वेगात ९३. आठ अंशांचा हा फरक काट्याच्या मधोमध गडप झाला असता आणि कळला असता तो पुढच्या बावीस हजारांना. इथे मीटरचे पैसे वसूल झाले.

सेन्सरच्या जागेबद्दलही आता वेगळं सांगेन. वरच्या होसमध्ये गरम पाणी येतं ते थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडल्यावर. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असतं आणि होस थंड, मीटर खुशाल ६० दाखवतो. म्हणून लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेतला आणि सेन्सर हेडवरच्या बंद प्लगच्या जागी नेला. आकडे दोन-तीन अंशांनी वाढले, पण खरे झाले. तरी एक लक्षात ठेवा. पाणीच गळून गेलं तर कोणत्याही जागेचा सेन्सर हवेत उघडा पडतो आणि आकडा उलट खाली येऊ शकतो. घाटात आकडा अचानक पडला तर आनंद मानू नका, थांबा. झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही.

आता बझर. या मीटरचं सगळं चांगलं या एका गोष्टीपाशी अडतं. अलार्म कारखान्यातून ११० वर लावून येतो. मला तो १०५ वर हवा, कारण ११० होईपर्यंत हेड वाचवायला वेळ उरत नाही. पण सेल्फ मारला की व्होल्टेज पडतं आणि सेटिंग परत ११०! रोज सकाळी बटण पाच सेकंद दाबून धरायचं, मग एकेक अंश खाली आणायचं. बायको गाडी नेते तेव्हा तिला आठवण करून द्यावी लागते. विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं की नवीन मॉडेलमध्ये मेमरी आहे, ते घ्या. माझ्या मीटरची वॉरंटी तेव्हा चालू होती. बदलून मागितला तर हे "फंक्शन" आहे, दोष नाही म्हणाले. जी वस्तू फक्त इशारा द्यायला घेतली, तिने इशाऱ्याचा आकडाच विसरावा आणि त्याला दोष म्हणू नये, हे मला अजिबात मान्य नाही. शिवाय बझरचा आवाज एवढा बारीक की एसीचा ब्लोअर चारवर असला तर ऐकूच येत नाही. दुपारच्या उन्हात आकडेही फिके पडतात, पण त्याला पुठ्ठ्याची झालर लावून भागलं.

तुमच्या गाडीला ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं सॉकेट) असेल, २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना असतो, तर यातलं काही करू नका. होस कापायची गरज नाही. त्यात ब्लूटूथ डोंगल लावा, मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं, अलार्मही हवा तिथे लावता येतो आणि तो मोबाइलच्या पूर्ण आवाजात वाजतो. जुन्या गाडीवाल्यांनी हाच प्रकार घ्यावा, मात्र दोन वायरचा सेन्सर मागून घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच मीटर बंद-चालू करून सेटिंग टिकतं का बघा. मेमरीवालं मॉडेल खरोखर निघालं असेल तर भावाच्या पिकअपला मी तेच बसवणार आहे. तो हिंगणघाटला कापूस वाहतो आणि त्याच्या गाडीचा काटाही वर्षभर मधोमधच असतो.