लाइफ जॅकेट घेतलं, पुरात मदतीला जाणाऱ्यांनी वाचा

आमचा सांगलीचा ग्रुप पूर आला की होडीतनं औषधं-बिस्किटं पोचवतो, 2019 ला ब्रह्मनाळला होडी उलटली तेव्हापासून जॅकेटशिवाय कुणाला चढूच देत नाही. यंदा ऑनलाइन सहा मागवली, फोम चांगलाय, शिट्टी पण खणखणीत वाजते, पण साईज भलतीच मोठी! सगळे पट्टे आवळून खांद्याला धरून वर खेचलं तर आमच्यातल्या बारक्या पोराच्या थेट कानापर्यंत आलं, म्हणजे पाण्यात पडला की जॅकेट वर आणि गडी खाली. मांड्यांमधनं जाणारा पट्टा हवाच होता, तो नाहीये. दोन बदलून मागितली तर विक्रेता म्हणतो वापरलेली दिसतात, अहो विहिरीत ट्राय केली, घालून बघायची नाहीत का? तीन स्टार, त्यातला एक शिट्टीचा.