तोंडी ब्रेनस्टॉर्मिंग की आधी कागदावर लिहिणं?

नुकतीच टीम लीड झालेली एक मैत्रीण विचारत होती, मीटिंगमध्ये नव्या कल्पना काढताना सगळ्यांना बोलतं करू की आधी लिहून घेऊ? मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते.

आयडिया किती निघतात यात लिहिणं सरळ पुढे आहे. तोंडी चर्चेत एक जण बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि तोवर डोक्यातलं निसटतं, १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगातही एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र मोजल्या तर गटापेक्षा जास्त भरल्या होत्या. ६-३-५ पद्धतीत ६ जण दर ५ मिनिटांत प्रत्येकी ३ कल्पना लिहून कागद पुढे सरकवतात, अर्ध्या तासात १०८ पर्यंत जातं.

भीतीचं म्हणशील तर साहेब आधी बोलले की सगळे माना डोलावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कधी कधी नवख्याकडेच नेमकी गोष्ट असते. नाव न टाकता लिहायचं असलं की तोही लिहितो.

तोंडीला तयारी मात्र काहीच लागत नाही, आणि एकाच्या बोलण्यावरून दुसऱ्याला सुचतं ती मजा कागदावर तितकी येत नाही.

टीम छोटी, जुनी, तोंडावर नाही म्हणणारी असेल तर तोंडीच घे. नवीन माणसं किंवा ज्युनियर-सीनियर एकत्र असतील तर आधी १० मिनिटं लिहायला दे, मग चर्चा, आणि तू सगळ्यात शेवटी बोल.