सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला सरळ नाही म्हणणारे प्लंबर

नागपुरात प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर भागात काम करणारी छोटी प्लंबिंग कंपनी आहे, बाप आणि मुलगी मिळून चालवतात. आमच्या सोसायटीचं सगळं काम आता यांच्याकडेच आहे म्हणून रिव्ह्यू लिहून राहिलो. पाचपैकी साडेचार, अर्धा कशाचा कापला ते खाली सांगतो.

ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचा सेप्टिक टँक भरला, चेंबरमधून घाण पाणी पार्किंगमध्ये यायला लागलं, घरोघरी पाहुणे येणार त्यामुळे सगळ्यांनाच घाई. आधी कोणीतरी स्वस्तातला माणूस बोलावला होता, तो दोन पोरं, एक बादली आणि दोर घेऊन आला आणि म्हणे एकाला आत उतरवतो, तासाभरात काम फत्ते. आम्ही दोघातिघांनी अडवलं आणि मग यांना फोन लावला. मुलगी, म्हणजे ताई, स्वतः आल्या, झाकण उघडलं तेव्हा सगळ्यांना मागे सरकवलं आणि सांगितलं, "काका, यात माणूस उतरणार नाही. सक्शनची गाडी उद्या सकाळी मिळते, तोवर पाणी जपून वापरा." काही मेंबर चिडले, सणात एक दिवस थांबायचं म्हणजे काय वगैरे, पण त्या अजिबात हलल्या नाहीत आणि मला वाटते हेच बरोबर होतं.

कारण टँकमध्ये जो हायड्रोजन सल्फाइड साचतो त्याला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं आणि आतल्या माणसाला वाटतं गॅस गेला. मग तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एकाच टँकमध्ये दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. सुरक्षा साधनांशिवाय कोणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, पण पैसे मिळाले म्हणून माणूस परत येतो का? त्या पोराच्या घरीही दिवाळी असतेच ना.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा चेंबरभोवती दोरी बांधली आणि खालच्या पोरांना तिकडे फटाके फोडू दिले नाहीत, कारण टँकमधून मिथेन निघतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. पोरं चेंबरच्या भोकात सुतळी बॉम्ब टाकतात, मोठे बघत राहतात, कृपा करून हे थांबवा. गच्चीवरची टाकी धुताना त्यांनी आधी एमसीबी पाडून पंपाची वीज बंद केली, ओल्या जागेवरून गेलेली लायटिंगची माळ काढायला लावली आणि शिडी धरायला वेगळा माणूस उभा केला. सणाच्या गर्दीत दिवसभर काम केलेल्या पोराला संध्याकाळी परत शिडीवर चढवत नाहीत, काम उद्यावर टाकतात. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना सुट्टी, फक्त मोठी गळती असली तर दोघं मिळून येतात, एकटा कोणी येत नाही.

आता दुसरी गोष्ट, ज्यासाठी मला यांचं जास्त कौतुक आहे. हिंगण्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी मावसबहीण शिकवते, तिथलं संडास यांनी फुकट बांधून दिलं, मी स्वतः जाऊन पाहून आलो. दोन शोषखड्डे, मध्ये मीटरभर अंतर, एक भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्यात वळवायचं, पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत होते, म्हणजे कोणाला मैला उपसावा लागत नाही. भांडं जास्त उताराचं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ. पण मी थांबलो ते दाराची कडी पाहून. मोठ्यांच्या उंचीला नाही, पहिलीतल्या पोरीचा हात पोचेल इतकी खाली. नळही तसाच खाली, साबण ठेवायला कोनाडा, दारामागे खुंटी. शिपाईकाकांना एका डब्यात वॉशर, टेफ्लॉन टेप आणि छोटा पाना देऊन नळ कसा दुरुस्त करायचा ते शिकवून ठेवलं आहे. बांधून, फोटो काढून, कुलूप लावलेली संडासं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, हे वापरात आहे. बहीण सांगते की मोठ्या पोरी आता दुपारी घरी निघून जात नाहीत.

२० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, यांची अख्खी टीम बाहेरची कामं बंद ठेवून अशा शाळांमध्ये दुरुस्तीला जाते आणि पोरांना त्या दिवसाचा पगार मिळतो. मी ताईंना विचारलं, बोर्ड का नाही लावला, तर म्हणाल्या, "बोर्डाच्या पैशात दोन नळ येतात."

आता अर्धा स्टार. फिटिंगचा माल एमआरपीने लावतात, तोच कॉक बाहेर स्वस्तात मिळतो. दसऱ्यानंतर फोन लागत नाही, मेसेज टाकून वाट बघावी लागते. आणि आमच्या बाथरूमची ओल पहिल्या वेळी थांबली नाही, परत बोलवावं लागलं, अर्थात त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. टाकी धुणं, टँक उपसणं असली कामं नवरात्राच्या आधीच बुक करा, आणि बोलावल्यावर "आजच उतरवा कोणाला तरी" असं म्हणून त्यांच्या मागे लागू नका.