टेरेसवर ग्रीन रूफ करून घेतलं, अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ३)

आमची बिल्डिंग कोथरूडला, चार मजली, पंचवीसेक वर्षं जुनी आणि आम्ही सगळ्यात वर. एप्रिल-मे मध्ये रात्री अकराला सुद्धा स्लॅबला हात लावला तर कोमट लागायचा. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच ग्रीन रूफचा, म्हणजे गच्चीवर मातीचा थर टाकून झाडं लावायचा विषय काढला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच विचारलं की गार तुमचं घर होणार मग वर्गणी आम्ही का काढायची? प्रश्न बरोबर होता खरं तर. शेवटी अर्धा खर्च वरच्या दोन फ्लॅटनी आणि उरलेला सगळ्यांनी मिळून असं ठरलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

आधी चांगलं सांगतो. घर गार होतं, यात शंका नाही. आमच्या आणि शेजारच्यांच्या बेडरूमवर केलंय, हॉलवर नाही, आणि मे महिन्यात दुपारी हॉलमधून बेडरूममध्ये गेलं की फरक लगेच कळतो, एसी आता रात्री तासभर लावून बंद केला तरी चालतं. पहिल्या पावसात पन्हाळीतून धो धो येणारं पाणी बऱ्यापैकी उशिरा आणि कमी येतं. पण जुलैत माती एकदा तुडुंब भिजली की तिला अजून पाणी प्यायला जागाच नसते, मग सगळं थेट खाली, त्यामुळे "पूर थांबतो" वगैरे सेल्सवाला सांगतो ते अर्धच धरा.

आता वजन. कंपनीचा माणूस आला, टेप लावली आणि लगेच कोटेशन दिलं, स्लॅबचा विषयच नाही. मी हट्टाने आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणले म्हणून कळलं की वापरातल्या गच्चीसाठी बांधकामाच्या कोडमध्ये (नियमावलीत) साधारण १५० किलो चौरस मीटरला एवढा भार धरतात, आणि साधी ओली माती घनमीटरला १६०० ते २००० किलो, म्हणजे ४ इंचाचा थर टाकला की तिथेच १६० ते २०० किलो झाले, वर माणसं उभी राहणार ती वेगळीच. म्हणून मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि गांडूळ खताचं मिश्रण घेतलं. हलकं आहे, पण कोकोपीट कुजून बसतं हे कोणी सांगितलं नाही, आमचा ४ इंचाचा थर आता जेमतेम अडीच इंच उरलाय. बाहेरच्या देशात प्युमिस (सच्छिद्र हलका ज्वालामुखी दगड), विटांचा चुरा असलं न कुजणारं जास्त घालतात म्हणे त्याचं कारण आत्ता कळतंय.

आणि मूळ गोम इथेच आहे. जर्मनीत बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो, टोरांटोने तर २००९ साली मोठ्या नव्या बिल्डिंगांसाठी ग्रीन रूफचा बायलॉ (शहराचा नियम) केला, तिथलं तिथे ठीक आहे. आपल्याकडे चार महिने धुवाधार आणि आठ महिने कोरडे. झाडं पानांतून पाण्याची वाफ सोडतात म्हणून गारवा येतो, म्हणजे ज्या मे महिन्यात गारवा हवा त्याच महिन्यात पाणी पाहिजे, आणि त्याच महिन्यात आमच्याकडे टँकर चालू!! आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी पिंपात साठवून घालतो (आरओचं रोज नाही, क्षार साठतात). कंपनीने हौसेने लावलेलं लॉन पहिल्याच उन्हाळ्यात जळालं. टिकलं काय, तर ऑफिस टाईम, पानफुटी, कोरफड आणि कोपऱ्यातला गवती चहा, जो आता अख्ख्या बिल्डिंगच्या चहात असतो.

दोन स्टार कशाचे कापले ते आता. दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल आली, पोपडे पडायला लागले. फोन केला तर उत्तर काय, "सर आमचं काम फक्त वरचं, खालचं वॉटरप्रूफिंग तुमचं." अरे पण मग काम सुरू करायच्या आधी पाणी भरून टेस्ट का नाही घेतली? जुन्या ब्रिक बॅट कोब्यावर (विटांचे तुकडे घालून केलेला वॉटरप्रूफिंगचा थर) थेट ड्रेन सेल (पाणी वाहून जायला प्लॅस्टिकच्या जाळ्या), जिओटेक्स्टाईल (माती अडवणारं कापड) आणि वर मिश्रण, मुळं अडवणारी शीट कोटेशनमध्ये होती, जागेवर निम्म्याच भागात निघाली. गळती नेमकी कुठे हे शोधायला झाडांसकट सगळं उचलावं लागलं, गोणीत भरून, भर पावसात, तीन दिवस. कोब्याला तडा होता आणि आउटलेटची जाळी पाल्याने तुंबलेली. खालचं वॉटरप्रूफिंग चांगलं असेल तर वरचा हा थर त्याचं उन्हापासून रक्षणच करतो, ते जास्त टिकतं. पण खराब असेल तर गच्चीवर ओला स्पंज ठेवल्यासारखं होतं.

कोणी विचारलं तर मी सांगतो, फक्त घर गार करायचं असेल तर आधी पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारून बघा, खूप स्वस्तात बराच फरक पडतो. हिरवळ, फुलपाखरं, संध्याकाळी बसायला जागा पण हवी असेल तरच यात पडा, आणि पेमेंटचा शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच द्यायचा असं लिहून घ्या.

एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) यंदा आम्ही रिन्यू केली नाही. जाळी दर रविवारी मी साफ करतो आणि झाडांना पाणी घालायची झारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे असते, मागितली तरी देत नाहीत.