सॅकचे पट्टे द्या, तंबूचं छत देऊ नका: सीटकव्हरवाल्याकडची जाड शिलाई

ट्रेकिंगच्या सामानाची दुरुस्ती करणारा खास माणूस शोधत बसण्यापेक्षा गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे जावं. पट्टे, बक्कल, सॅकचा तळ या कामांना आमच्याकडून पाचपैकी साडेचार. तंबूच्या छताला दीड, तेही उदार मनाने.

फरक मशीनचा आहे. सीटकव्हरवाल्याकडे जुकी कंपनीचं १५४१ किंवा त्या धर्तीचं वॉकिंग फूट मशीन असतं. त्यात खालचे दाते, सुई आणि वरचा दाब असे तिघे मिळून कापड पुढे नेतात, त्यामुळे पट्टा, फोम आणि कॉर्ड्युरा (सॅकचं जाड, दणकट कापड) एकमेकांवरून सरकत नाहीत. साध्या शिंप्याच्या मशीनवर वरचा थर मागे राहतो, टाके चुकतात, सुई मोडते.

दोरा मात्र विचारून घ्या. बाँडेड नायलॉन (वरून लेप दिलेला, न उसवणारा दोरा), जाडी ६९ नंबर, त्याला १८ नंबरची सुई, टाका साधारण ४ मिलिमीटर. दुकानात बहुधा हाच दोरा असतो, पण रंग जुळावा म्हणून एखादा कारागीर साधं रीळ चढवतो. काळा चालेल, पण जाडच हवा, असं आधीच सांगावं.

खांद्याचा पट्टा उसवला की बहुतेक दुकानदार तो बाहेरून ठेवून चार-पाच वेळा पुढे-मागे टीप मारतात. दिसायला भक्कम, पण एकाच रेषेत इतकी भोकं पडली की कापड तिकिटासारखं फाटतं, आणि पुढच्या वेळी पट्ट्यासोबत पाठीचा तुकडाही हातात येतो. बरोबर पद्धत अशी: आतला गोट उसवायचा, पट्टा मूळ शिवणीतून किमान एक इंच आत घ्यायचा, ३-४ मिलिमीटर अंतराने दोन समांतर टिपा घालायच्या आणि गोट परत लावायचा. पट्टा सपाट कापडावरच बसवायचा असेल तर चौकोन आणि त्यात फुली, आतून जाड कापडाचं ठिगळ. यात वेळ खातं ते उसवणं. ते घरी करून नेलं तर कारागीर खूश आणि भावही उतरतो. सॅक धुऊन, वाळवून न्या. शिवणीतल्या मातीने सुई लवकर बोथट होते.

चेन बिघडली तर पूर्ण चेन बदलायची घाई नको. दात सहसा शाबूत असतात, झिजतो तो रनर, म्हणजे ओढायचा सरकता तुकडा. पक्कडीने दोन्ही कडा हलक्या दाबल्यावर चेन लागली, तर दोष रनरचाच. मग रनरच्या मागचा नंबर बघून (५, ८ किंवा १०) तेवढाच बदला. तंबूच्या दाराला आतूनबाहेरून ओढता येणारा रनर लागतो, तो सीटकव्हरवाल्याकडे क्वचितच मिळतो. आपणच घेऊन जावा.

आता छत. १८ नंबरची सुई म्हणजे १.१ मिलिमीटरचं भोक, आणि ते पातळ कापडात मिटत नाही. शिवाय जाड मशीनचे दाते कापडावरचं पाणी अडवणारं कोटिंग ओरबाडतात. हे काम साध्या शिंप्याकडे ११ किंवा १२ नंबरच्या सुईने, पॉलिएस्टर दोऱ्याने (उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतो), ३ मिलिमीटरच्या टाक्याने आणि खाली कागद ठेवून करून घ्यावं. कागद नंतर फाडून काढता येतो.

शिवण सील करणं, म्हणजे सुईची भोकं बुजवणं, हे दुकानाचं काम नाही, घरीच करायचं. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवर पॉलियुरेथेन सीलर, सिलिकॉन कोटिंगवर सिलिकॉनच; अदलाबदल केली तर पापडी सुटते. पीयू चिकट होऊन वास येत असेल (दमट हवेत गुंडाळून ठेवलेल्या तंबूंचं हेच होतं), तर शिलाईवर पैसे घालू नका.

हार्नेस आणि स्लिंग (चढाईत आपलं वजन पेलणारे पट्टे) कोणत्याही दुकानात शिवायला देऊ नयेत. फाटलं की टाकायचं.

दुकानातून सामान परत घेताना शिवण उलटी करून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फास दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी पडलाय. तिथल्या तिथे उसवून परत शिवून मागा.