एडिटरच्या स्टेटस बारमध्ये नेटचा वेग: सोलापुरातील वापरानंतरचे मत

पुण्याच्या कंपनीचे काम जुळे सोलापुरातील घरी बसून करताना, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच, उतरवण्याची आज्ञा दिली आणि ती जागची हलेनाशी झाली, की दोष नेटचा, समोरच्या सर्व्हरचा की आपल्याच संगणकाचा, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. त्यासाठी ब्राउझर उघडून स्पीड टेस्ट चालवण्यात वेळ जातो आणि हातातले कामही तुटते. म्हणून मी व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये नेटचा वेग दाखवणारे एक छोटे, मोफत एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा पूरक प्रोग्राम) बसवले. खिडकीच्या तळाशी असलेल्या स्टेटस बारवर ते दोन बाण आणि दोन आकडे दाखवते: खाली रोखलेल्या बाणाजवळ येणाऱ्या डेटाचा वेग आणि वर रोखलेल्या बाणाजवळ जाणाऱ्या डेटाचा. व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स जिथे मिळतात त्या मार्केटप्लेसमध्ये या प्रकारची अनेक एक्स्टेन्शन्स असून पुढील बरीचशी निरीक्षणे त्यांनाही लागू पडतील.

हे आकडे लाइनची क्षमता सांगत नाहीत, या क्षणी प्रत्यक्ष किती डेटा वाहतो आहे ते सांगतात, ही गोष्ट वापरण्यापूर्वी नीट समजून घेतली पाहिजे. माझ्या संगणकावरील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल (तिचा गाभा) प्रत्येक नेटवर्क इंटरफेसवरून, म्हणजे वायफायसारख्या प्रत्येक जोडणीवरून, किती बाइट आले आणि किती गेले याची मोजदाद सतत ठेवत असते. एक्स्टेन्शन ती ठरावीक अंतराने वाचते, आधीचा आकडा वजा करते आणि फरकाला मधल्या सेकंदांनी भागून दाखवते. त्यामुळे वेग मोजण्यासाठी नेटचा डेटा खर्च होत नाही. आणि शून्य दिसले म्हणजे लाइन बंद पडली, असाही अर्थ होत नाही. मात्र एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस उतरवणारी आज्ञा) चालू असताना खालचा बाण दोन-तीन मेगाबाइटवर असेल तर निमूटपणे वाट पाहावी, आणि तो शून्यावर बसला असून प्रोसेसर तापला असेल तर डाउनलोड संपून संगणकावरच काही बांधणी चालली आहे असे बहुधा समजावे. हा निर्णय नजर न हलवता घेता येतो, यातच या साधनाचे खरे मोल आहे.

उन्हाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यावा लागतो. तेव्हा हे आकडे सर्वाधिक उपयोगी ठरतात. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि पार्श्वभूमीवर कुठलेसे अपडेट सेकंदाला एक मेगाबाइट ओढत असेल, तर दिवसभराचा डेटा पंचवीस मिनिटांत संपतो. आपण काहीच उतरवत नसताना खालचा बाण जागा दिसला की मी प्रथम डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) आणि सिस्टिमचे अपडेट थांबवतो.

एककाबद्दल येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण ब्रॉडबँडवाल्याशी होणारे निम्मे वाद यातूनच निघतात. प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये आणि एक्स्टेन्शन दाखवते मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे १०० मेगाबिटच्या लाइनवर आकडा १२.५ च्या पुढे जाणार नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्याही थोडा खालीच राहील. निर्मात्याने दोन्ही एकके निवडण्याची सोय द्यायला हवी होती. मी वापरतो त्यात ती नाही.

याहून गंभीर उणीव इंटरफेसच्या बाबतीत आहे. हे एक्स्टेन्शन सर्व इंटरफेसची सरसकट बेरीज करते, त्यामुळे व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) चालू असताना तोच डेटा एकदा व्हीपीएनच्या आणि एकदा वायफायच्या खात्यावर मोजला जातो आणि वेग जवळजवळ दुप्पट दिसतो. लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच संगणकावर, चालणाऱ्या स्वतःच्याच सर्व्हरशी झालेली देवाणघेवाणही त्यात मिसळते. ज्याचे सगळे काम व्हीपीएनमधून चालते त्याने इंटरफेस निवडता येईल असेच एक्स्टेन्शन शोधावे.

रिमोट एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडून घेऊन त्यावर, काम करणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. एक्स्टेन्शन दूरच्या यंत्रावर बसले असेल तर ते त्या यंत्राचाच वेग दाखवते. मुंबईतील सर्व्हर सेकंदाला चाळीस मेगाबाइट ओढत असल्याचे स्टेटस बारवर दिसत असताना सोलापुरात टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागत होता, हे मी पाहिले आहे. सेटिंग्जमधील 'रिमोट.एक्स्टेन्शनकाइंड' या पर्यायातून एक्स्टेन्शन आपल्याच संगणकावर चालवण्याची सक्ती करता येते, आणि ती केल्यावर आकडे पुन्हा घरच्या लाइनचे झाले.

दिसण्याच्या बाबतीत एक बारीकशी तक्रार आहे. वेग 'नऊ केबी'वरून 'एक पूर्णांक दोन एमबी'वर गेला की मजकुराची लांबी बदलते, आणि आकडे उजवीकडे असल्यास त्यांच्या डाव्या बाजूचे ओळ क्रमांक, भाषेचे नाव वगैरे सगळे पुढे-मागे सरकते. डोळ्यांना हा त्रास दिवसभर जाणवतो. सुदैवाने यात जागा बदलण्याची सोय आहे. आकडे डाव्या गटाच्या शेवटी नेले की पुढे रिकामी जागाच असल्याने काही हलत नाही. झेन मोडमध्ये (फक्त कोड दिसावा म्हणून बाकी पडदा मोकळा करणाऱ्या सोयीत) मूळ सेटिंगनुसार स्टेटस बारच लपतो, तेव्हा अर्थातच आकडेही दिसत नाहीत.

बसवण्यापूर्वी प्रकाशक कोण आहे आणि मूळ कोड खुला आहे का, हे अवश्य पाहावे, कारण व्हीएस कोडमधील एक्स्टेन्शनला संगणकावरील आपल्या खात्याचे जवळपास सर्व अधिकार मिळतात. एवढ्याशा कामाचा कोड थोडक्यात आटोपायला हवा. तो अवाढव्य असेल किंवा स्वतःच बाहेर कुठे संपर्क साधत असेल तर ते एक्स्टेन्शन घेऊ नये. 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' या आज्ञेने त्याला सुरू व्हायला किती वेळ लागतो तेही कळते. मोजणीचे अंतर मी एका सेकंदावरून तीन सेकंदांवर नेले आहे. त्यामुळे आकड्यांची सततची थरथर थांबली, आणि डाउनलोड अडकल्याचे दोन सेकंद उशिरा कळले तरी कामात काही फरक पडत नाही.